नारूच्या चिंध्या

तळोद्याच्या बाजारात गिरधरनं शेजारच्या भिलाभाऊशी पैज मारली. "चर्चनी बाई डोंगरना लोकेसले औषध देस, पण नारूना किडाले सोता हात लावत नही. हात लावा तर जखमना चिंध्या मी धुई दिसू, भर चावडीसमोर."

रविवारी प्रार्थना संपल्यावर दोघं चर्चच्या ओट्यावर गेले. तिथे बसलेल्या डोंगरातल्या उदेसिंगच्या पोटरीतून पांढरा, ओला नारू लोंबत होता. रोज थोडा थोडा ओढत आज शेवटचं टोक उरलं होतं. पुवाच्या घाणीमुळे गिरधरनं नाक दाबलं. बाई मात्र उघड्या बोटांनी तो किडा काडीवर गुंडाळत होती.

"दादा, नाक सोडा, पाय धरा," ती म्हणाली. "पाय हलला तर नारू आत तुटेल, हा जन्माचा लंगडा होईल."

गिरधरनं पाय धरला. पू मनगटावर ओघळला, तरी त्यानं हात सोडला नाही. अख्खा नारू निघाला, तेव्हाच तो वळून भडाभडा ओकला.

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर गिरधर उकळलेल्या चिंध्या चोळत होता आणि थुंकत होता.

"वास कसा शे, गिरधरभाऊ?" भिलानं विचारलं.

"जवळ ये, तुन्हा तोंडवर पिळस."

गर्दीत उदेसिंग दोन्ही पायांवर उभा होता. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.