तारेवर चढलेली वेल

मंठ्याच्या कॉलेजात साधना वनस्पतिशास्त्र शिकवायची. ओढ्याकाठी तिला कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ वेल सापडली, तिचा फोटो तिने विद्यापीठात पाठवला. उत्तर आलं : 'जालना जिल्ह्यात या वेलीची नोंद नाही. फोटो कुठल्याही ठिकाणचा असू शकतो. फुलासकट वाळवलेला नमुना हवा.'

म्हणून ती पुन्हा ओढ्यावर आली. पलीकडे गावातल्या रायभानमामांची मेंढरं चरत होती. वेल आता ओढ्यालगतच्या मक्याच्या शेताकडेला चढली होती. बांध उतरून साधना आत गेली आणि कात्री काढून वाकली.

"ताई, हलू नका!" मामा जोरात ओरडले.

तिने खाली पाहिलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर गवतात उघडी तार होती. वेलीने तिलाच विळखे घातले होते. खाली एक मुंगूस मरून पडलं होतं. मागेही तशीच तार होती; नकळत तीच ओलांडून ती आत आली होती.

"रानडुकरांसाठी करंट सोडलाय. आत्ता लाइट न्हाई म्हणून वाचल्या. कवा बी येईल. जल्दी भाईर या!"

ती वळली, तर ओढणी तारेत अडकलेली. पाय चिखलात. ती ओढणी सोडवायला गेली, पण पीळ सुटेना.

"ओढणी सोडून द्या!"

तिने ओढणी खांद्यावरून टाकली. मग, का कोण जाणे, तारेपासून सुटा लोंबणारा फुलाचा शेंडा कापला आणि तार ओलांडून बांधावर अंग टाकलं. ती उठून बसते न बसते तोच विहिरीवरची मोटार घरघरली. चिखलात पडून ओली झालेल्या ओढणीतून चर्र आवाज आला, जळका वास सुटला.

मामा ओढा ओलांडून धावत आले. त्यांनी तिला पाणी पाजलं.

घरी तिने शेंडा कागदात दाबला आणि नमुन्यासोबत पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली : गाव, ओढा, कुणाचं शेत. कुणालाही तिथे जाऊन खात्री करता यावी, म्हणून तर जागा लिहायची. कुणालाही! उद्या तिचेच विद्यार्थी जातील. पेन हातातच राहिलं.

सकाळी मामांना घेऊन ती शेतमालक कल्याणकडे गेली.

"कल्याणभाऊ, ती तार काढा."

"मॅडम, डुकरं सगळा मका आडवा करून राह्यलीत. मी काय करू?"

"काल मी होते आत."

कल्याणचा चेहरा पडला. "मला वाटलं, तिकडं कुणी जात न्हाई," तो कसाबसा म्हणाला. त्याने तिच्यासमोर लाइन तोडली, तार गुंडाळली. साधना लांब रस्त्यावरच उभी राहिली.

मग तिने चिठ्ठी पूर्ण करून नमुना पाठवला; तो मान्य झाला. जिल्ह्याच्या नोंदीत वेल आली.

पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन ती गेली, तेव्हा बांधापाशी तिचे पाय अडले. "तार न्हाई आता, ताई," म्हणत मामा आधी उतरले. मुलांना थांबवून साधना त्यांच्यामागे एकेक पाऊल चाचपत गेली.