मीराबाईचा उबेचा खोका

मित्रांनो, माळ्यावरचा हा कळकट खोका पाहून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा बापडे. माझ्या अंगावर चहाच्या कंपनीची पुसट अक्षरं आहेत, दाराला काचेचा तुकडा आहे आणि वरच्या अंगाला भोकं आहेत. उंदरांनी पाडली म्हणाल तर खबरदार. ती कुशाबानं मुद्दाम पाडली आहेत.

मी आसामातून चहा घेऊन मुंबईला आलो. चहा संपल्यावर भायखळ्याच्या भाजीबाजारात कांदे सांभाळत पडलो होतो. तिथून कुशाबानं मला उचललं. तो परळच्या एका गिरणीत फिटर होता. लालबागच्या चाळीत तो आणि त्याची बायको मीराबाई, दोघंच राहायची. मूलबाळ नव्हतं. मीराबाईची आई कोकणात वारली, तेव्हा भांडीकुंडी भावांनी वाटून घेतली आणि हिच्या वाट्याला आली एक तांबडी कोंबडी. हिनं ती टोपलीत घालून बोटीनं मुंबईला आणली. जिन्याखाली ती अंड्यांवर बसली, आणि एका सकाळी बोक्यानं तिचा निकाल लावला.

मीराबाई अंडी पदरात धरून बसून राहिली. “आवशीची शेवटची खूण होती ती,” एवढंच म्हणाली.

“रडतंस कित्याक?” कुशाबा म्हणाला. “कोंबडी गेली, पण अंडी आसत मां. बघतंय मी काय ता.”

शेजारची सुंदराबाई घाटावरची, जिभेनं तिखट. दारातून म्हणाली, “भावजी, आता तुम्ही बसणार काय अंड्यांवर?”

बसलो मी! कुशाबानं माझा तळ काढून तिथे पत्रा ठोकला, खाली विटांवर उभं केलं आणि पत्र्याखाली कंदील ठेवला. आत गिरणीतला टाकाऊ कापूस आणि एक वाटी पाणी. शेवटी वरची भोकं पाडली आणि बायकोला बजावलं, “ह्यी भोकां कधी बुजव नको गो. पिलांका वारो व्हयो.”

मीराबाई अंडं उचलायची, पापणीला लावून ऊब पाहायची, हळूच कूस बदलून ठेवायची. वात जरा वर, जरा खाली. मित्रांनो, चहा सांभाळला, कांदे सांभाळले, पण माझ्यावर इतका जीव कुणी लावला नव्हता. खरं सांगतो, मी फार फुशारलो होतो. पुढे पुढे तर आतून चोच वाजल्याचं कळायचं, आणि ती माझ्या काचेला गाल लावून ऐकत बसायची.

अशातच संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर घोषणा, मग गोळीबार, मग संचारबंदी. कुशाबा रॉकेल आणायला म्हणून गेला होता तो परतलाच नाही. “नायगावात भावाकडे अडकले असतील,” असं मीराबाई भिंतीला सांगत होती. दिवसाढवळ्या चाळीची सगळी दारं बंद. आमच्या चाळीत दिवसा दार लागलं की कुणीतरी गेलं असं समजायचे लोक. तिला खोली सोडता येत नव्हती, मला जागा सोडता येत नव्हती आणि पिलांना कवच. आम्ही सगळे जिथल्या तिथे कोंडलेले.

आणि नेमक्या त्या दुपारी अंड्यांना तडे गेले. आतून चिवचिव सुरू झाली. मीराबाई रडत हसली. तेवढ्यात गल्लीत काहीतरी फुटलं आणि खिडकीच्या फटीतून आंबूस, झोंबरा धूर आत आला.

“मीराबाई, अश्रुधूर सोडलाय,” भिंतीपलीकडून सुंदराबाई ओरडली. “फटींत ओली फडकी कोंबा.”

मीराबाईनं जुनं लुगडं फाडलं, भिजवलं, खिडकीच्या फटी बुजवल्या, उंबरठा बुजवला. मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यांतून धारा लागलेल्या. “बाळांनो, तुमचे डोळे झोंबतील,” म्हणाली आणि माझं एकेक भोक तिनं मायेनं बंद केलं.

अगं बाई, नको, नको! पण लाकडाचा खोका बोलणार कसा? माझा जीव तुटत होता. कंदील खालून तापवत होता, काचेवरून पाणी ओघळत होतं. चिवचिव आधी वाढली, मग विरळ झाली, मग थांबली.

“निजली वाटतं,” मीराबाई म्हणाली आणि मला टेकून डोळे पुशीत बसली.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या कोपऱ्यात एकच चोच वाजली, तीही दमलेली. मीराबाईनं कान लावला, काचेवरचं पाणी पाहिलं, आणि तिचा हात भोकांवरच्या फडक्यावर थबकला. नवऱ्याचं बोलणं आठवलं असणार. तिनं फडकी ओरबाडून काढली, माझं दार उघडलं. पण खोलीतही हवा कुठे होती? तिनं खिडकी सताड उघडली. खाली शिट्टी वाजली, कुणीतरी “खिडकी बंद करो” म्हणून दरडावलं, सुंदराबाई भिंत बडवू लागली. बाहेरचा धूर विरला होता की नव्हता, हे तिनं पाहिलंही नाही. खिडकीकडे पाठ करून ती सुपानं मला वारा घालत राहिली.

एक पिल्लू बाहेर आलं. बाकीची अंडी गप्पच राहिली.

दुसऱ्या दिवशी संचारबंदी सैल झाली, तेव्हा कुशाबा रॉकेलची बाटली घेऊन आला. ती मान वर न करता म्हणाली, “तुमी सांगितलं होतात. माझ्या हातान मारलंय मी.”

तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, “मी हंय नव्हतंय गो.” ओंजळीतलं पिल्लू तिनं त्याच्या हातात दिलं. ते पुढे मोठं झालं, अंड्यांवर बसलं आणि आईच्या दारची कोंबडी लालबागेत नांदली. मला मात्र मीराबाईनं पुन्हा अंडी दिली नाहीत. मला दोष दिला नाही, पण माझ्याकडे बघवत नव्हतं तिला. म्हणून मी माळ्यावर आलो.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका, धुळीचं काही वाटत नाही. एवढंच करा, जे जपायला घेतलंय त्याला कोंडू नका. आणि आतला आवाज थांबला, तर निजलं असेल म्हणून बसून राहू नका. उठून बघा.