तिसऱ्या मजल्याचं मत

सलूनवाल्याची बायको, म्हणजे टेलरबाई, इमारतीच्या अध्यक्षपदाला उभी राहिली ती एकाच हट्टापायी: लिफ्ट सुरू झालीच पाहिजे. लिफ्ट बंद पडल्यापासून तिच्या सासूबाई तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. समोर उभे होते तळमजल्यावरचे निवृत्त मॅनेजर. त्यांचं म्हणणं, जिने चढा, तब्येत सुधारते. स्वतःला एक पायरी चढायची नाही, सांगायला काय जातंय!

आता या इमारतीतली निवडणूक म्हणजे अजब प्रकरण. इथे माणसं मोजत नाहीत, मजले मोजतात. मजल्यावर ज्याला एक जरी चिठ्ठी जास्त, तो अख्खा मजला त्याचा. बाकीच्यांनी बसावं हात चोळत. प्रत्येक मजल्याचा प्रतिनिधी पेटी उघडतो आणि सभेत उभा राहून मजल्याचं मत सांगतो. तिसऱ्याचा प्रतिनिधी होता खुद्द सलूनवाला. दुसरं कोणी तयारच नव्हतं ना!

टेलरबाईने प्रचार दणक्यात केला, पण कुठे? चौथ्या मजल्यावर. तिथे जिने चढून आधीच सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आलेला.

"अगं, ती आपलीच माणसं. पहिल्या मजल्यावर जा की जरा," सलूनवाला म्हणाला.

"तिथे कोण धड बोलतंय? चौथ्यावर निदान चहा तरी विचारतात."

मतदान झालं. सलूनवाल्याने पेटी उघडली, चिठ्ठ्या मोजल्या आणि त्याला घामच फुटला. मॅनेजरला एक चिठ्ठी जास्त! पुन्हा मोजल्या, तरी तेच. बघायला कोणी नव्हतं. एक चिठ्ठी बदलली असती तर काम फत्ते! पण त्याचा हात काही उठेना.

सभेत दुसरा आणि चौथा मजला एकमुखाने टेलरबाईला मिळाले. तळमजला आणि पहिला मॅनेजरला, तेही जेमतेम. सगळ्यांच्या माना सलूनवाल्याकडे वळल्या. बायको तर आधीच उठून पदर सावरत होती.

"तिसरा मजला," तो पुटपुटला, "मॅनेजरसाहेब."

मॅनेजरसुद्धा दचकले. इमारतीतली जास्त माणसं टेलरबाईच्या बाजूने, आणि खुर्ची मॅनेजरांना!

घरच्या दारात पाऊल टाकलं आणि टेलरबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "नवरा आहात की वैरी? आणि आपल्या मजल्यावरचं फुटलं कोण? कळू दे मला, त्याची एक पँट शिवून देणार नाही!"

"मला कुठे पँट लागते," सासूबाई म्हणाल्या.

टेलरबाई गर्रकन सासूबाईंकडे वळली.

"अहो आई, तुमच्यासाठीच तर उभी राहिले होते मी!"

"माहितेय गं. पण वर जाणारा जो तो धापा टाकत माझ्या दाराशी टेकतो. पाणी पितो, घरचं सांगतो. लिफ्ट सुरू झाली की सगळे भुर्रकन वर. मग दिवसभर माझ्याशी बोलणार कोण? तुम्ही?"

तो सकाळीच सलूनमध्ये जायचा, ही दुकानात. सलूनवाल्याला आईकडे बघायचीसुद्धा लाज वाटली.

टेलरबाईचा राग कुठल्या कुठे गेला. तिने सासूबाईंना पाणी दिलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसकण मारली.

"सांगा," ती म्हणाली, "आज कोण कोण येऊन गेलं?"