पाहुण्यांचा डबा

मी पाहुण्यांचा डबा बोलतो आहे. रोजच्या डब्यांनी कृपया मध्ये बोलू नये. त्यांची फळी खालची.

अंगावर सोनेरी वेलबुट्टी, घट्ट झाकण आणि आत परदेशी कॉफीची पूड, असा थाट मिरवीत मी एका निवृत्त मुख्य कारकुनांच्या घरी आलो. गृहस्थांनी मला दोन्ही हातांनी उचलून दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवले आणि किल्ली खिशात टाकली.

"ही पाहुण्यांसाठी," ते पत्नीस म्हणाले. "आपल्याला रोजची आहे की."

ही रोजची म्हणजे बाजारातील सर्वांत स्वस्त पूड. तिच्यात कॉफी किती आणि इतर काय काय भाजून घातलेले, हे तिचे तिलाही ठाऊक नसावे. बाईंनी ती कधी अधिक उकळून पाहिली, कधी कमी. कडवटपणा मात्र शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिला.

पुढे बाईंच्या छातीत धडधड होऊ लागली. डॉक्टरांनी बजावले, दिवसाला एकच कप. घरी येताच बाई म्हणाल्या, "अहो, एकच प्यायची, तर चांगली तरी पिऊ द्या. काढा ना तो डबा."

"आणि उद्या कोणी आलं म्हणजे?"

"गेल्या वर्षभरात कोण आलं?"

"म्हणून तर डबा भरलेला आहे," गृहस्थ उत्तरले.

या तर्कापुढे बाईंनी हात टेकले आणि पिशवी उचलली. एका दुकानातून काचेची बरणी आणली. तिचा सुगंध झाकण उघडताच निघून गेला, तो परतलाच नाही. दुसरीकडून एक पाकीट आणले. त्यावरील चित्र उत्तम होते. अखेरीस भाजीबाजारामागील गल्लीत, बिया समोर भाजून तिथल्या तिथे दळून देणारे एक लहानसे दुकान त्यांना सापडले. त्यांनी तेथून कागदाची छोटी पुडी आणली. भाव रोजच्या कॉफीहून जेमतेम अधिक. त्या सकाळी कपाटाच्या फटीतून जो दरवळ आत आला, त्याने मला माझे तारुण्य आठवले.

गृहस्थांनी मात्र नाक मुरडले. "पुडीतली कॉफी? लोक काय म्हणतील?" चव घेण्याचा प्रश्नच नव्हता.

मग एके सकाळी गृहस्थांची थोरली बहीण, आक्का, आली. किल्ली निघाली. माझे झाकण थाटात उघडले आणि चमचा आत टणकन आपटला. आतील पूड घट्ट होऊन तिची वीट झाली होती. ती खरवडून, उकळून आक्कांपुढे ठेवण्यात आली.

आक्कांनी एक घोट घेतला. "अरे, ही कॉफी आहे, की कपाट उकळलंस?"

"परदेशी आहे, आक्का."

"मग तिला परत पाठव. आणि आतून वास कसला येतोय हा?"

वास बाईंच्या कपाचा होता. पुडीतला तो शेवटचा चमचा. कप नुकताच गाळून ठेवलेला. बाई तो घेऊन दारात आल्या. "घ्या ना, वन्सं," म्हणाल्या आणि तो पुढे केला.

आक्कांनी तो समाधानाने संपविला. तो कोणाचा होता, हे कोणी विचारले नाही. बाईंनी रिकामा कप विसळला, आणि त्यांचा त्या दिवसाचा कप तिथेच संपला.

माणूस चुकीतून शिकतो, असे मी ऐकून होतो. गृहस्थही शिकले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या दुकानातून मोठी पिशवी आणली, माझ्यातील वीट फोडून फेकली, ताजी पूड ठासून भरली आणि कुलूप लावले. "आता पाहुण्यांसाठी हीच," ते म्हणाले.

तेव्हापासून मी पुन्हा भरलेला आहे, आणि माझ्या पोटातील सुगंध पुन्हा एकेक दिवसाने मरतो आहे. वाचकहो, आपल्या कपाटात माझा कोणी भाऊबंद असल्यास त्याला आजच उघडा. पाहुणा यायचा तेव्हा येईल. पूड तोवर थांबत नाही.

बाईंनी आपली नवी पुडी एका पोचे आलेल्या, पण घट्ट झाकणाच्या डाळीच्या डब्यात ओतली आहे. सोनेरी वेलबुट्टीसह मी त्याचा हेवा करतो. आता त्या आपला कप घेऊन माझ्या कपाटासमोरील खुर्चीत बसतात आणि सावकाश पितात. काल त्या वासाने गृहस्थांचे वर्तमानपत्र खाली आले.

"अगं, घोटभर मलाही दे."

बाईंनी कपातून नजर वर केली नाही. "तुम्हाला रोजची आहे की."