सभापतींचं सुतक

लाहू सभापती मेला की जिवंत आहे, यावरून धोंडीच्या अंगणात मांडवाचा उंबराचा खांब दोनदा रोवला गेला आणि दोनदा उपटला गेला. तिसऱ्यांदा खड्डा खणायला धोंडी पहार घेऊन उभा राहिला, तेव्हा हिरू हातातला झाडू टाकून बाहेर आली आणि म्हणाली, "आता जो खांब उपटील, त्याचा हात मी उपटीन." मी त्यांची शेजारीण. मधल्या कुडाच्या अलीकडे तांदूळ पाखडत बसले होते. सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकण्यासारखंही होतं.

धोंडी आणि हिरू वीसेक वर्षं एका घरात नांदतात, पण त्यांचं लग्न लागलेलं नव्हतं. यात लाज वाटावी असं काही नाही. आमच्याकडे माणसं आधी संसार मांडतात आणि लग्न सवडीने करतात. यांची सवड मात्र दरवेळी कोणीतरी पळवून नेली. एकदा हिरूचा सासरा ताडावरून पडून गेला, एकदा कापलेलं भात शेतातच भिजून कुजलं, आणि एकदा कोरोना आला. आता त्यांच्या प्राजक्ताची सोयरीक तलासरीकडे ठरली होती, आणि आईबापाचं लग्न लागल्याशिवाय मुलीचं लावत नाहीत. म्हणजे या चैत्रात हिरूच्या अंगाला हळद लागली नाही, तर प्राजक्ताचंही अडणार. पण मला विचाराल तर मुलीचं निमित्त होतं. हिरूला हळद स्वतःसाठी हवी होती. पाड्यातल्या प्रत्येक लग्नात तिने भांडी घासली, पाणी भरलं, आणि हळदीच्या वेळी मात्र ती मागे सरायची. ते मी इतकी वर्षं पाहत आले होते.

आणि नेमका याच वेळी लाहू आजारी पडला.

लाहू आमच्याच पाड्यातला, धोंडीचा सख्खा चुलतभाऊ. पंचायत समितीचा सभापती झाला आणि डहाणूला बंगला बांधून राहायला गेला. त्याने आमच्या पाड्यात नळ आणला. पाणी अजून यायचं आहे. यंदा झेडपीच्या निवडणुकीला त्याने मुलाला, सुरजला, उभं केलं. सुरजला आमच्या पाड्याची वाट ड्रायव्हरला विचारून कळते, पण मतं बापाच्या नावावर पडणार होती, म्हणून बाप गावोगाव हिंडत होता. कासा बाजूच्या एका सभेत तो बोलता बोलता खाली बसला तो उठलाच नाही. गाडीत घालून त्याला गुजरातेतल्या कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून पुढे त्याला कोणी पाहिलं नाही.

मग काय, ज्याला तोंड होतं तो डॉक्टर झाला. डहाणू रोडला स्टेशनबाहेर रिक्षावाले सांगत होते की मेंदूची शीर फुटली. तलासरीच्या बाजारात कळलं की विरोधकांनी करणी केली. आमच्याच पाड्यातला एक शहाणा म्हणाला, की आजारबिजार काही नाही, तिकीट कापतील म्हणून सोंग घेतलंय. तिकीट मुलाला मिळून अर्ज भरून झाला होता, पण त्या शहाण्याला कोणी अडवलं नाही.

विरोधी पार्टीचा पांड्या तर सरळ धोंडीच्या घरी सांत्वनाला आला. सोबत चार माणसं, हातात नारळ आणि अगरबत्ती. धोंडीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, फार वाईट झालं, मोठा माणूस गेला, आता तुमच्या लोकांनी मताचा विचार नीट करावा. लाहूला हा पांड्या दहा वर्षं चोर म्हणत होता. धोंडीने घाबरून पहिला खांब उपटला तो त्या दिवशी.

संध्याकाळी सुरजच्या पार्टीचा धनेश मोटारसायकल फुफाट्यातून दामटत आला. हा डहाणूचा पोरगा, गळ्यात भगवा-हिरवा कसलातरी पट्टा, आणि फोन हातात नसला तर हाताचं काय करावं हे त्याला कळत नाही. त्याने आम्हाला फोटो दाखवला. साहेब आज सकाळी चहा घेताना. फोटोत लाहू खुर्चीत बसून हसत होता, आणि अंगात स्वेटर होता. चैत्राच्या उन्हात आमचे कुत्रेसुद्धा ओलाव्याला जाऊन पडतात, आणि हा माणूस आजारी असताना स्वेटर घालून चहा पीत होता. मी तसं बोलले. धनेश म्हणाला, मावशी, दवाखान्यात एसी असतो. धोंडीला ते पटलं आणि खांब पुन्हा उभा राहिला.

दोन दिवसांनी पांड्याची गाडी भोंग्यावर लाहूला श्रद्धांजली वाहत गेली आणि खांब पुन्हा खाली आला. शेवटी हिरूने धोंडीला हाकललं. बंगल्यावर जा, म्हणाली, वयनीला भेट, आणि खरं काय ते विचारून ये. धोंडी सकाळी गेला आणि दुपारी आला. लाहूची बायको निर्मला वयनी भेटली नाही. वहिनी साहेबांजवळ दवाखान्यात आहेत, असं धनेशने फाटकातच सांगितलं. येताना धोंडीच्या डोक्यावर पार्टीची नवी टोपी होती. हिरूने ती काढून चुलीत घातली. नवरा म्हणून तिला मिळालेला माणूस हा असा आहे, आणि याच्याशीच लग्न करायला ती वीस वर्षं थांबली होती. पण तो तिचा प्रश्न.

जाणत्यांना विचारलं तेव्हा त्यांनी एक वाट काढून दिली. सुतक गावच्या गप्पांनी लागत नाही. घरचं माणूस येऊन सांगेल, तेव्हा ते लागतं. तोवर लाहू जिवंत. हिरूला एवढं पुरे होतं. म्हणून तिसरा खांब रोवला गेला, तो कोणी उपटला नाही.

लग्नघर हळूहळू सजलं. आम्ही सवासिनींनी तांदूळ वाटून भिंतीवर देवचौक लिहिला. लग्नाची गाणी म्हणणारी आमची धवलेरी सुकी आली. ढोलवाले आले, ताडी आली. हिरू नवं लुगडं नेसून पाटावर बसली, आणि बसताना तिने आधी पाट पदराने पुसला, जणू तो कोणा दुसऱ्याचा आहे. इतक्या वर्षांत ती अशी बसलेली मी प्रथमच पाहत होते.

तेवढ्यात सुरजची गाडी आली.

गाडीतून सुरज उतरला, धनेश उतरला, आणि मागून निर्मला वयनी. हिरवी कोरी साडी, कोपरापर्यंत बांगड्या, आणि कपाळावर एवढं मोठं कुंकू की आधी तेच दिसावं. अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघून सुटकेने हसल्या. नवरा जिवंत असल्याशिवाय बाई अशी येते का? धोंडी तर हात जोडून पुढे धावला. त्याची छाती दोन बोटं फुगली होती.

धनेशने सगळं ठरवूनच आणलं होतं. हिरूला पहिली हळद निर्मला वहिनी लावतील, तो म्हणाला, सभापतींच्या घरचा मान आहे. आमच्याकडे हळद सवासिनीच लावतात, हे त्याने कुठूनतरी विचारून घेतलं होतं. सभापतींच्या बायकोने हळद लावल्याचा फोटो घरोघर पोहोचला की पांड्याचं तोंड बंद. डोकं चालतं हो या पोरांचं. पाण्यासाठी कधी चालत नाही, एवढंच.

वयनी हिरूसमोर बसली. हळदीची वाटी मी धरली होती, म्हणून पुढचं सगळं मी हातभर अंतरावरून पाहिलं आणि ऐकलं. तिने बोटं हळदीत बुडवली आणि ती तशीच ठेवली.

"वहिनी, इकडे बघा," धनेश फोन धरून म्हणाला. "थोडं हसा."

वयनीने वर पाहिलं नाही. ती हिरूला इतक्या हळू म्हणाली की मलाच जेमतेम ऐकू आलं, "हिरू, माझ्या हातानं नको."

दोघी एकेकाळी एका चुलीवर भाकऱ्या भाजायच्या. लाहूचा बंगला व्हायच्या आधी निर्मला वयनीने आमच्यासारखीच गुडघाभर चिखलात लावणी केली आहे. हिरूने मला नंतर सांगितलं, की त्या वेळी तिच्या मनात आलं होतं, गप्प बसावं. कोणी ऐकलं नाही. एकदा बोट लागू दे गालाला, मग काय व्हायचं ते होवो. ते तिने माझ्यापासून लपवलं नाही आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

मग तिने विचारलं, "वयनी, भाऊ कवा गेला?"

"परवा."

"मंग तू रडली का नाय?"

"रडू नको बोलले," वयनी म्हणाली. "मतदान होईस्तोवर."

ढोल वाजत होता. सुरज मांडवाच्या कडेला उभा राहून फोनमध्ये बघत होता. त्याला ऐकू गेलं की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण आईचं तोंड त्याला दिसत होतं, आणि तेवढं कोणालाही पुरलं असतं.

हिरूने शेजारचा पाण्याचा तांब्या घेतला, वयनीची बोटं धुतली आणि आपल्या नव्या लुगड्याला पुसली. "हळद झाकून ठेव," ती मला म्हणाली. आणि वयनीला जवळ ओढून म्हणाली, "तू रड आता. सगळं रडून घे."

निर्मला वयनी जशी रडली, तसं रडणं मी अजून ऐकलेलं नाही. ढोलवाल्याने हात आवरला. सुकीने तोंडाला पदर लावला. पाड्यातल्या बायका आपोआप गोळा झाल्या आणि लग्नाच्या मांडवात लाहूच्या नावाने आक्रोश सुरू झाला. धोंडी खांबाला धरून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. हिरू पाटावरून उठली होती. ती रडत नव्हती. वयनीच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होती.

धनेशने फोन खाली केला नव्हता. एवढं झाल्यावर तो गाडीमागे गेला आणि कोणाशी तरी बोलला. मी मुद्दाम मागे गेले. तो सांगत होता, की फोटो तोच ठेवा, खालची ओळ बदला. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या बॅनरवर 'साहेबांची प्रकृती उत्तम' होतं तिथे 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं. स्वेटरातला लाहू तसाच हसत होता.

मयत पाड्यातच आणलं, कारण वयनी हटून बसली. पुढाऱ्यांच्या गाड्यांनी आमच्या वाटेवरची धूळ घराघरात नेली. पांड्याही आला. या वेळी त्याच्याकडे नारळ नव्हता, हार होता, आणि तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने रडला. सुरजने बापाला अग्नी दिला, आणि राख निवायच्या आत तो प्रचाराला गेला. घरी बसला नाही, दिवस पाळले नाहीत, आणि दिवस घातले त्या दुपारी कुठल्याशा चौकसभेत हात जोडून बापाच्या नावाने मतं मागत होता. वयनीने मात्र पाड्यातल्या जुन्या घरी राहून सगळं केलं. हिरू रोज तिला भाकरी नेऊन द्यायची. स्वतःचं लग्न तिने सुतक फिटेपर्यंत बाजूला ठेवलं, आणि धोंडीने त्यावर बोलायचं धाडस केलं नाही.

सुरज निवडून आला. चांगला दणकून आला. आमच्या पाड्याची निम्मी मतं त्यालाच पडली, आणि याबद्दल मला पाड्याचीही तेवढीच चीड आहे. बाप मेलेल्या पोराला नाही कसं म्हणायचं, असं म्हणाले. त्या पोराने बापाला दोन दिवस बर्फात ठेवलं होतं, त्याचं कोणाला काही नव्हतं.

निकाल लागला त्याच दिवशी हिरूची हळद होती. मिरवणुकीचा टेम्पो डीजे वाजवत पाड्यात शिरला आणि मांडव बघून थांबला. गुलालाने माखलेला सुरज उड्या मारत उतरला. मागे धनेश, फोनसकट. धोंडी पुन्हा हात जोडायला निघाला होता. मी त्याचा सदरा मागून धरला.

हिरू पाटावर होती. गालाला, हाताला, पायाला हळद लागली होती आणि ती अशी दिसत होती की आम्ही म्हाताऱ्या बायकासुद्धा तिच्याकडे बघत बसलो होतो. निर्मला वयनी मांडवातच, भिंतीला टेकून बसली होती.

"काकी, आशीर्वाद द्या," सुरज म्हणाला आणि मांडवात पाय टाकायला आला. "तुमचा मुलगा निवडून आला."

"भायेरच थांब," हिरू म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण डीजे मध्येच थांबला होता आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "तुझ्या आईनं सुतक पाळलं, तिचं फिटलं. आमचं फिटलं. तू पाळलंच नाय. तुझं अजून अंगावरच हाय. पाळून ये, मंग मांडवात ये."

सुरज हसला. मग त्याने आईकडे पाहिलं. वयनी त्याच्याकडे बघत होती आणि तिने त्याला आत बोलावलं नाही. त्याने जाणत्यांकडे पाहिलं. ते ताडीच्या मडक्याकडे बघत होते. धनेशने या वेळी फोन खिशात घातला होता.

सुकीने गाण्याची पुढची ओळ उचलली आणि ढोल वाजायला लागला. आमचा निवडून आलेला माणूस मांडवाबाहेर उन्हात उभा राहिला. त्याच्या तोंडावरचा गुलाल घामाने गळ्यापर्यंत ओघळला. पाणी त्याला कोणी दिलं नाही, कारण सुतक असलेल्या माणसाला लग्नघरचं पाणी देत नाहीत.