दारावरचा रक्तगट

कृष्णरावांनी मोटारसायकल दवाखान्याच्या पायरीलाच लावली आणि मागे बसलेल्या संग्रामला हाताला धरून उतरवलं. संग्राम बदनावरच्या मंडीत हमाल. त्याचा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे, एवढं कुणीतरी फोनवर सांगितलं आणि कृष्णराव धारहून तिथे जाऊन त्याला घेऊन आले होते.

दारात कृष्णरावांच्या बायकोची, सुमंगलेची थोरली बहीण बकुळाताई उभ्या होत्या. त्यांनी संग्रामकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे.

"आता राहू द्या," त्या म्हणाल्या.

संग्रामने वर सारलेली बाही हळूच खाली ओढली.

सुमंगलेचं गर्भपिशवीचं साधं ऑपरेशन होतं. रक्त थांबेना तेव्हा दवाखान्याने सांगितलं, रक्त ठेवायचा फ्रीज चार महिने बंद आहे, देणारा माणूस आणा. बकुळाताईंचं रक्त जुळलं नाही. कृष्णरावांनी हात पुढे केला, तर बकुळाताईंनी तो धरला. नवऱ्याचं रक्त बायकोला चालत नाही, दिलं तर रक्ताचं नातं होतं. त्यांच्या घरात असंच मानत आले होते. स्ट्रेचरवरून सुमंगलाही हसून म्हणाली, "अक्काचं ऐका. मला भाऊ नकोय, नवराच बरा."

त्यांनी ऐकलं.

सुमंगला गेल्यावर महिनाभर कृष्णराव घराबाहेर पडले नाहीत. मग एका रविवारी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन निघाले. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, दुसरं काही येत नव्हतं. शेजारची शिखा लॅबमध्ये कामाला होती. तिला म्हणाले, "पोरी, गल्लीतल्या सगळ्यांची बोटं टोचायची. जे निघेल ते मी दारावर लिहितो."

"कागदावर लिहू ना काका. यादी करू."

"कागद कुणाच्या तरी कपाटात जातो. दार सगळ्यांना दिसतं."

पहिलं दार बकुळाताईंचं रंगवलं, समोरच होतं म्हणून. मग पुढची. लोक आधी हसले. मोनू पानवाला म्हणाला, "भिया, माझ्या दारावर भावपण लिहा, आजकाल सगळं महाग आहे." पण बोट त्याने सगळ्यात आधी पुढे केलं. दर रविवारी चार-पाच दारं होत गेली. नाव, गट, फोन. लाल नाही, निळा रंग. लाल उन्हात लवकर उडतो.

श्रावणात गल्लीतली नेहा बाळंत होताना अडली. तिचा नवरा दवाखान्यात धावत गेला तोवर मागोमाग तीन माणसं पोचली होती. कुणी फोन केला नव्हता. दारं वाचली होती.

दिवाळीआधी नगरपालिकेचे एक साहेब आले, सोबत चुन्याच्या बादल्या घेतलेली दोन माणसं.

"दादा, ये क्या लिख डाला? शहराची पाहणी होणार आहे. भिंती-दारं एकसारखी पाहिजेत. परवानगी कुणाची घेतली?"

कृष्णराव शिडीवरून उतरले नाहीत. "दवाखान्यात माणूस आणा म्हणाले होते ना आम्हाला? माणसं कुठे राहतात ते लिहिलंय."

"मिटवावं लागेल."

"मिटवा. संध्याकाळी परत लिहीन. चुना तुमचा संपेल, माझा रंग नाही संपायचा."

मोनूने दुकान सोडलं आणि आपल्या दाराला पाठ लावून उभा राहिला. मग समोरच्या दाराशी नेहा आली, कडेवर पोर. मग एकेक दार. चुनेवाल्यांपैकी एकाने बादली खाली ठेवली आणि शिखाला विचारलं, "बाई, माझं बघता येईल का?"

साहेब फोनवर बोलत बोलत निघून गेले.

त्याच दुपारी शिखा म्हणाली, "काका, सगळी गल्ली झाली. फक्त तुमचंच राहिलं."

"माझं काय करायचंय आता."

"नियम तुमचाच आहे ना?"

त्यांनी बोट दिलं. शिखाने काचेवर थेंब घेतले, औषध टाकलं, काच हलवून पाहिली. मग नवी काच काढून पुन्हा तेच केलं. कृष्णराव म्हणाले, "सांग."

"ओ निगेटिव्ह."

कृष्णराव बराच वेळ बोटावरचा कापूस दाबून बसले. रक्त कधीच थांबलं होतं.

ब्रश धुऊन ते आपल्या दाराशी आले. पाटीवर दोन्ही नावं होती, त्यांनीच लग्नानंतर रंगवलेली. दोन्ही नावांपुढे त्यांनी एकच गट लिहिला. पहिल्यांदाच अक्षर जरा तिरकं आलं. त्यांनी तसंच ठेवलं.

समोरून बकुळाताई तांदूळ निवडता निवडता पाहत होत्या. सूप खाली ठेवून त्या रस्ता ओलांडून आल्या. चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तुमचं?"

"हो."

त्यांनी दाराची चौकट धरली. कृष्णरावांनी आतून स्टूल आणून दिलं. त्या बसल्या नाहीत.

"राजगढला माझी लेक आहे," त्या म्हणाल्या. "तिच्या दारावर लिहायला याल? जावयाचंही लिहा. आधी त्याचंच लिहा."

"येतो."

कृष्णरावांनी रंगाचा डबा उचलला आणि झाकण घट्ट बसवलं.

दवाखान्यातला फ्रीज अजून बंदच होता.