डोंगरची माशी

मालननं गोणपाट बादलीत बुचकळलं, पिळता न पिळता मधमाश्यांच्या पेटीवर पसरलं आणि गॅलरीच्या कठड्याला धरून ती श्वास शोधू लागली. छातीत शिट्टी वाजत होती. आत सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

वैशाखात मुलुंडच्या मिठागरांवरून येणारा वारा म्हणजे तापल्या तव्यावरचा. वर खारट. पेटी माघात आली होती, पाचगणीजवळच्या तिच्या गावाहून, रुखवतात, लाडू-करंज्यांशेजारी गुणगुणत. वडील म्हणाले होते, "पोरीला सोबत." तिथं जांभूळ फुलायचं, हिरडा फुलायचा. इथं ती साखरेचं पाणी पाजत होती आणि आत उन्हानं मेणाची पोळी लोंबत होती.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, हिला डोंगरावर धाडा. नवरा, सहदेव, कबूल होता. हटून बसली होती ती मालनच. "माझ्या माश्या पावसापर्यंत टिकल्या, तर मीही टिकेन. बघाच."

सासूबाई केरसुणी घेऊन बाहेर आल्या.

"ही पत्र्याची पट्टी कसली गं, पेटीच्या दाराला?"

"तिला बारीक फटी आहेत. माश्या जातात-येतात, राणी जाड, ती अडते. राणी नाही म्हटल्यावर बाकीच्या परततात."

"काल सगळ्या उठून निघाल्या होत्या, त्या म्हणून परतल्या?"

"हं."

"म्हणजे कोंडलीस."

"होईल हो सवय."

सासूबाईंनी पेटीखाली मरून पडलेल्या माश्या सुपलीत लोटल्या. "या बघ सवय झालेल्या." मग म्हणाल्या, "आणि तुझी शिट्टी मला ऐकू येत नाही, असं वाटतं होय? शेजारची प्रेमा विचारत होती, घरात बासरी कोण शिकतंय."

मालन हसली नाही.

"माझी मावशी हवापालटालाच म्हणून माहेरी आली होती," ती म्हणाली. पुढच्या वाक्यासाठी तिला पुन्हा श्वास गोळा करावा लागला. "तिरडी उचलली तेव्हाही गाव म्हणत होतं, टाकलेली."

सासूबाई सुपली घेऊन आत गेल्या.

दुपारी मालनचा भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लागला. जागी झाली ती घरघराटानं. गॅलरीसमोर माश्यांचा काळा लोट उठला, कौलांवर घुटमळला आणि येऊरच्या डोंगराकडे वळला. ती धावली, पण उंबऱ्यातच श्वास संपला.

पेटीपाशी सासूबाई उभ्या होत्या. हातात पट्टी. एक डोळा डंखानं सुजलेला.

"काय केलंत हे!" मालन मटकन खाली बसली. "आता मी कुठल्या तोंडानं..."

सासूबाईंनी पट्टी तिच्या ओंजळीत टाकली, आत जाऊन खाटेखालची ट्रंक फरफटत आणली आणि तिच्यापुढं उघडली. मालनच्या पातळांवर दोन जुनी नऊवारी लुगडी होती. तपकिरीची डबी होती.

"ही तर तुमची."

"मग कुणाची असणार? सहदेवला सांगितलंय. जेवेल खानावळीत, मरत नाही." डोळ्यावर ओला पदर दाबून त्या ट्रंकेचं झाकण लावू लागल्या. लागेना, तशा सरळ वर बसल्या. "तुझ्या गावात एस.टी.तून पहिली मी उतरणार. तू मागनं ये. सावकाश."